पान पासष्ट ते ऐंशी

पान ६४ वर सुमन माहेरच्या स्वयंपाकघरात रडत बसलेली. त्यापुढं पुन्हा ४९ ते ६४. आणि मग थेट ८१, जिथं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करतेय.

मी धाराशिवच्या एका छोट्या प्रकाशनात संपादक आहे. जुन्या टीव्ही मालिकांवरून त्या काळी निघालेल्या कादंबऱ्या आम्ही नव्यानं छापतो. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात. एका गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात. इथं बाइंडरनं चौथा फॉर्म दोनदा लावला होता, पाचवा राहिला होता. आमच्याकडच्या तिन्ही प्रती तशाच. प्रेसची तारीख आठ दिवसांवर.

आमचे मालक, म्हणजे सर, म्हणाले, "मालिका इंटरनेटवर आहे. ती बघून कुणाकडून तरी सोळा पानं लिहून घ्या."

"सर, मालिकेत सुमन सासरी परत जाते. पुस्तकात जात नाही."

"मग हे पुस्तक यादीतून काढा."

तीन दिवसांची मुदत मागून घेतली आणि जळकोट गाठलं. लेखिका विमल शिंदे तिथल्या निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीच्या पुढं, आवाज अजून वर्गातला.

"मालिका सुरू व्हायच्या आधी निर्मात्यांनी मला कादंबरीसाठी पटकथा दिली," त्या म्हणाल्या. "पुढं त्यांनी शेवट बदलला. मी न्हाय बदलला."

"बाई, हस्तलिखित आहे का?"

"घर बदलताना गेलं सगळं." मग म्हणाल्या, "ईट गावच्या वाचनालयातून तक्रारीचं पत्र आलं होतं, सोळा पानं न्हाईत म्हणून. तेव्हा कच्चा खर्डा होता माझ्याकडं. त्यावरून हातानं उतरवून पाठवली. पुढं काय झालं ठाऊक न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईटला गेले. ग्रंथपाल मुंढेकाका उंबऱ्यातच पेपर वाचत होते. पुस्तकाचं नाव सांगितलं. इतकं जुनं पुस्तक केव्हाच बाद झालं असणार, असं धरूनच मी विचारत होते.

"बाद करीन का मी ते?" काका उठले. "पत्र म्याच लिहिलं होतं. बायका भांडायला यायच्या, सुमनचं पुढं काय झालं म्हणून."

त्यांनी कपाटातून प्रत काढली. पान ६४ नंतर आखीव कागद, दोऱ्यानं नीट शिवलेले. प्रत्येक पानावर वाचनालयाचा शिक्का. अक्षर बाईंचं. सुमन भावाला तोंडावर सांगते, "मी परत जाणार नाही, आणि तुझ्यावर ओझंही होणार नाही." अर्ज भरते. एसटीत बसते. मी उभ्या-उभ्या सगळी पानं वाचली आणि मग आठवलं, फोटो काढायचेत.

सरांनी ती मोबाइलवरच वाचली. मग म्हणाले, "जुन्या कव्हरवर बाईंचं नाव का नाही?"

"नटीचा फोटो मोठा होता, सर."

"आपण नाव मोठं घेऊ."

पुस्तक ठरल्या तारखेला प्रेसला गेलं. पहिली आवृत्ती संपली, दुसरी निघाली. बाईंनी जळकोटच्या शाळेत मुलींना ती सोळा पानं स्वतः वाचून दाखवली. ईटला मी दोन नव्या प्रती घेऊन गेले आणि जुनी आमच्या ऑफिससाठी मागितली.

"नव्या ठेवतो," काका म्हणाले. "जुनी न्हाय देत."

तेव्हापासून जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी गोष्ट वाचत नाही. पानांचे आकडे वाचते.