फाटक वनितानेच उघडून दिलं

सकाळपासून हातात काम धरवत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय.

हमरापूरला आमच्या आळीची एक बाग आहे, दगडी भिंतीच्या आतली. आम्ही बायकाच ती सांभाळतो. या उन्हाळ्यात मी आणि शेजारच्या वनिताने तिथे भेंडी, गवार, काकडी लावली. रोज विहिरीवरून कळश्या आणून पाणी घातलं.

आज गेले, तर फुलावर आलेले वेल उपटून कोपऱ्यात टाकलेले. वाफ्यांवर फळ्या मांडून ओल्या गणेशमूर्ती वाळत ठेवलेल्या. मूर्तींच्या कारखान्यातला एक माणूस तिथे होता, तो म्हणाला, "वनिताताईंनीच फाटक उघडून दिलं. मागच्याच आठवड्यात ठरलं होतं."

मी तशीच तिच्या दारात गेले.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू नाय म्हणाली असतीस गो. जागा दिली म्हणून आमच्या ह्यांना त्यांच्या कारखान्यात रंगकाम मिळतंय."

म्हणजे काल संध्याकाळी माझ्यासोबत काकडीला पाणी घालताना तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती हसत होती, उद्या लवकर ये म्हणत होती.

भाजी पुन्हा लावता येईल. नवऱ्याच्या कामासाठी तिने जागा मागितली असती, तर वेल मीच काढून दिले असते. तिला एवढंही वाटलं नाही माझ्याबद्दल?

उद्या विहिरीवर ती भेटेलच. तुम्ही बोलला असता का तिच्याशी?