बोहनीचा तीळ

टाके काढून झाल्यावर मी पहिल्यांदा दुकानात पाऊल ठेवलं, तर मालकांनी गल्ल्यावरूनच मास्क पुढं सरकवला. "आक्का, ह्यो लावा आणि आत जाऊन घड्या घाला. सकाळी सकाळी गिऱ्हाईक भ्यायला नको."

आत म्हणजे गोदामात. खडेबाजारातल्या या साड्यांच्या दुकानात चौदा वर्षं मी पुढं उभी होते. आमच्यात साडी आपल्याच खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाला दाखवायची. दिवसाची पहिली साडी मात्र माझ्याच खांद्यावर, कारण माझ्या नाकाशेजारी काळा तीळ. मालक म्हणायचे, लक्ष्मीचा तीळ आहे, बोहनी हिच्याच हातची. दिवाळीच्या पूजेला मालकीणबाई त्या तिळाला कुंकू लावायच्या. मीही खुळी, मिरवायचे.

मग तीळ वाढायला लागला. खपली धरायची, रक्त यायचं. डॉक्टरला दाखवायला मी सुट्टी मागितली. मालक हसले. लक्ष्मीला कुणी कापतं का, लग्नसराई तरी होऊ दे, म्हणाले. त्यांचा पोरगा परदेशात शिकलेला, घरात इंग्रजी पेपर, आणि अक्कल ही. मी चार महिने थांबले. त्याची माझी मलाच अजून लाज वाटते.

कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आला असतात तर लहानशा कापावर भागलं असतं. आता नाकाची कड काढावी लागली, गालाची कातडी ओढून तिथं शिवली. रोग सगळा निघाला. ओठ तेवढा एका बाजूनं वर ओढलेला राहिला. मालक बघायलाही आले नाहीत. त्यांची लक्ष्मी गेली होती, मी कोण?

मास्क मी गल्ल्यावरच ठेवला. सांबरा गावच्या मायलेकी लग्नाची साडी बघायला बसल्या होत्या. आमच्या वडगावात विणलेली हिरवी साडी मी उलगडली आणि खांद्यावर टाकली. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मालक दबक्या आवाजात म्हणाले, "आक्का, आत जावा."

"न्हाय जात," मी म्हटलं. "तुमच्या बोहनीपायी माझा गाल गेलाय. आता ह्योच गाल बघायचा, रोज."

मायलेकी उठून गेल्या. जाऊ देत. मी हलले नाही, हलणारही नाही. उद्या कामावरून काढलं तर बाहेर पायरीवर उभी राहीन, आणि चढेल त्या प्रत्येक बाईला माझा गाल कुणी खाल्ला ते नाव घेऊन सांगेन.