इंदूर ते चोपडा, आईसाठी बदललेल्या शॉकअपवर

आईने निर्णय सांगितला तो सकाळी पोहे खाताना. खाताना म्हणजे मी खात होते, ती नुसते दाणे वेचून बशीच्या कडेला सरकवत होती. म्हणाली, "शुभे, मला चोपड्याला नेऊन सोड. आता तिथंच राहीन, कुसुमजवळ."

कुसुम म्हणजे माझी मावशी, आईची धाकटी बहीण. आणि या 'आता'चा अर्थ आम्हा दोघींनाही ठाऊक होता. कॅन्सर मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की रेडिएशनने दुखणं जरा आवरलंय, कुठे जायचं असेल तर याच दिवसांत जा, पुढे जमणार नाही. पण मणका आतून पोकळ झालाय. एखादा मोठा दणका बसला तर पाय जातील, आणि गेलेले पाय परत येणार नाहीत.

या ब्लॉगवर तुम्ही मांडू, महेश्वर, जाम गेटच्या भटकंत्या वाचायला येता. ही पोस्ट तशी नाही. तरी लिहितेय, कारण दुखणाईत माणसाला घेऊन लांब जायचं तर काय करावं, हे मी तेव्हा नेटवर खूप शोधलं होतं आणि धड काही सापडलं नव्हतं.

पहिला प्रश्न तुम्ही विचारालच, अ‍ॅम्ब्युलन्स का नाही केली? बाबांना शेवटचं अ‍ॅम्ब्युलन्समधून नेलं होतं, त्यामुळे आई त्या गाडीकडे बघायलाही तयार नव्हती. शिवाय तिला पाठीवर सपाट झोपवत नव्हतं. मग मोठी भाड्याची गाडी? तिची पायरी आईला चढवेना. आमच्या जुन्या छोट्या गाडीची सीट मात्र तिच्या बरोब्बर उंचीची. मागे टेकायचं, बूड टेकवायचं, मग मी पाय उचलून आत घ्यायचे. हे तिला जमत होतं. म्हणजे हीच गाडी, आणि चालवणार मी.

गाडीची अवस्था सांगते. पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे दांडे, गेलेले. बॉनेटवर जोर देऊन सोडलं की एकदा वर येऊन गाडी थांबायला हवी, माझी नंतर आणखी डोलत बसायची. दांड्यावर तेल ओघळून धूळ चिकटलेली. स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज. टायरही आतल्या बाजूने खाल्लेले. एकटी होते तोवर चालवून घेत होते, म्हटलं दिवाळीनंतर बघू.

पलासियाच्या मागच्या गल्लीत रईसभाईचं गॅरेज आहे, वर्षानुवर्षं गाडी तिथेच जाते. मी त्याला म्हटलं, एकदम बढिया वाले बसवा. तोही खूश. गॅसवाले घ्या म्हणाला, खराब रस्त्यासाठी मजबूत, सगळे तेच टाकतात. मीही रात्रंदिवस नेटवर गाड्यांच्या चर्चा वाचणारी बाई! तिथेही सगळे हेच म्हणत होते. बसवले. एकटीने बायपासवर एक फेरी मारली. वळणावर गाडी रस्त्याला अशी चिकटून गेली म्हणून सांगू, मला तर गाडी नवी झाल्यासारखीच वाटली.

दुसऱ्या दिवशी आईला बसवून पलासिया चौकापर्यंत ट्रायल घेतली. पहिल्याच ब्रेकरवर तिने दाराचं हँडल धरलं. दुसऱ्यावर डोळे मिटले. पुढे एक साधं गटाराचं झाकण आलं, एरवी कळणारही नाही असं, त्यावर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही.

"हे काय बसवलंस गं," ती म्हणाली, "आधीचीच बरी होती."

मी गाडी बाजूला घेतली आणि ढसाढसा रडले. अक्कल अशी उशिरा येते. मी शॉकअप निवडले ते गाडी चालवणारीला बरं वाटावं म्हणून. गॅसवाला कडक शॉकअप गाडीला धरून ठेवतो हे खरं, पण बारीकसारीक खड्डाही तो थेट वर सीटपर्यंत पोहोचवतो. तुमच्या-माझ्या पाठीला काही फरक पडत नाही, आईच्या पाठीला पडत होता. आणि जुने गेलेले ठेवायचे, तर मोठ्या खड्ड्यात गाडी तळापर्यंत बसून आदळणार. तिला हवे होते ते गाडीबरोबर आलेले असतात तसे, साधे, तेलाचे, मऊ.

रईसभाई काढायला तयार होईना. दीदी, इससे अच्छा माल पूरे शहर में नहीं मिलेगा, हेच त्याचं पालुपद. शेवटी मी त्याला म्हटलं, माल अच्छा है, मम्मी की पीठ अच्छी नहीं है. मग त्याने पाना हातात घेतला.

आता साधे मिळेनात. मॉडेल जुनं, कंपनीच्या दुकानात ऑर्डर टाकली की कधी येईल सांगता येत नाही. इकडे आईचं दुखणं पुन्हा डोकं वर काढायला लागलेलं. सकाळी उठवताना तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि ते ती माझ्यापासून लपवत होती. मी ऑफिसला सुट्टी टाकून राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतली पार्ट्सची दुकानं पालथी घातली. जो तो रिपेअर केलेले दाखवायचा. म्हणजे जुनेच शॉकअप उघडून तेल भरायचं, झाळून वर काळा रंग मारायचा. दिसायला नवेकोरे. एकाने तर पुडकंही नवं करून दिलं. घेऊन टाकावे, असं वाटलं होतं हो, खोटं कशाला सांगू! रोज एक दिवस हातातून जात होता. पण ते अर्ध्या वाटेत फुटले तर घाटात आईला घेऊन मी काय करणार होते? नाही घेतले. आणि शेवटी एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराच्या माळ्यावर हवी तशी जोडी मिळाली, सीलबंद, दांड्याला गंज नाही. तुम्हीही घ्याल तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, वरचं माउंटिंग आणि रबरही नवीन टाका, नाहीतर आवाज तसाच राहतो. आणि शेवटचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, तिच्या वजनावर कसून घ्या. नंतर नवे टायर आणि चाकांची अलाइनमेंट. बस, एवढंच.

निघालो त्या दिवशी उजाडता उजाडता. आईने डिकीत शरबती गव्हाची गोणी ठेवायला लावली. इंदूरहून खान्देशात जाताना गहू न्यायचाच, हा आमच्या घरचा जुना रिवाज. शिवाय मागे वजन असलं की छोटी गाडी कमी उडते, म्हणून मीही ती ठेवली. पट्टा लावताना ती शांतपणे म्हणाली, "तेराव्याला लागतील. कुसुमच्या घरचं धान्य कशाला?" मला असा संताप आला. म्हटलं, आई, गप्प बस, नाहीतर इथंच उतरवते. ती हसली. तिला माहीत होतं मी उतरवणार नाही.

तिच्या पायांत मी मोजे घातले नव्हते, चपलाही काढून ठेवल्या होत्या. पायांची शुद्ध गेली तर ते अंगठ्यांवरून कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ठरलं की मी विचारलं की तिने अंगठे हलवायचे. सीट थोडी मागे, पाठीला पट्टा, कमरेत दुलईची घडी, टायरमध्ये हवा किंचित कमी. राऊ, मग महूचा बायपास. हायवे चांगला आहे, पण पुलांचे जोड जाणवतात, तिथे सावकाश जा. मानपूरनंतरच्या घाटात ट्रकच्या मागे, गाय चालावी तशी मी चालले. मागून हॉर्नवर हॉर्न. एक इंदोरी भिया, म्हणजे आमच्याकडचा भैया, ओव्हरटेक करताना काच खाली करून काहीतरी बोललाच. आई म्हणाली, बोलू दे. मी विचारलं, अंगठे? हलले.

खलघाटाला नर्मदा आली. पुलावर गाडी थांबवता येत नाही. आईने बसल्या जागी हात जोडले आणि, "ही आता परत नाही दिसायची," असं म्हणाली, घरातली साखर संपली म्हणून सांगावं तशी. पुढे एका ढाब्यावर चहा घेतला, तिने बशीतून दोन घोट. ढाबे इथून सेंधव्यापर्यंत भरपूर आहेत, पण पाश्चात्त्य पद्धतीचा स्वच्छ संडास हवा असेल तर पेट्रोल पंप बघूनच थांबा, दुखणाईत माणसाबरोबर हे सगळ्यात महत्त्वाचं. टोल फास्टॅगवर कटत जातो. सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरलं की महाराष्ट्र. तिथवर नवे शॉकअप असे वागले की आईला मध्ये चक्क डुलकी लागली. मान कलली तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं, मग घोरणं ऐकू आलं. आयुष्यात कुणाच्या घोरण्याचा इतका आनंद मला झालेला नाही.

शिरपूरला हायवे सोडून डावीकडे चोपड्याचा रस्ता धरला. आणि इथेच घात झाला. कुठल्याशा वस्तीजवळ, झाडांच्या सावलीत, पट्टे न मारलेला ब्रेकर. दिसला तोवर मी त्यावर होते. ब्रेक मारले, पण पुढची चाकं गेलीच. गाडी खाली बसली, वर आली, आणि थांबली. आईने आवाजही काढला नाही. ओठ पांढरे, दोन्ही हात मांड्यांवर गच्च.

"आई, अंगठे हलव."

उजवा हलला. डावा नाही. मी पुन्हा म्हटलं. ती पायाकडे बघत होती, मी बघत होते. मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला, त्यावरचा माणूस हॉर्न न वाजवता वाट बघत राहिला. मी वाकून तिचा तळवा हातात घेतला, गार पडलेला. म्हटलं, आई, प्लीज. मग तो अंगठा हलला. अगदी थोडा, पण हलला.

"चल," ती म्हणाली. "आता थांबू नको."

राहिलेला रस्ता मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढला. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, ऊन तापलेलं, घामाने माझा कुर्ता सीटला चिकटलेला.

मावशीच्या दारात गाडी लागली. तिचा मुलगा खुर्ची घेऊन आला तर आईने हात झटकला. मी पाय बाहेर काढून दिले, ती उठली, माझ्या खांद्याला धरून चार-सहा पावलं चालली आणि उंबरा आपला आपण ओलांडला. मावशी आत उभी होती. "व माय, ताई, किती वाळलीस," एवढंच म्हणाली आणि मिठी मारायला पुढे झालेली तशीच थांबली, कुठे धरू हे तिला कळेना. मग तिने आईचे दोन्ही हात धरले आणि दोघी रडल्या.

गोणी उतरवली तेव्हा आईने मावशीलाही ते तेराव्याचं सांगितलं. मावशी भडकली. त्याच संध्याकाळी अर्धी गोणी गिरणीत पाठवली. तेराव्याचं तेराव्याला बघू, म्हणाली, आधी जिवंत माणूस जेवू दे. मग अख्ख्या घराला पोळ्या आणि शेवभाजी. आईने चतकोर खाल्ली. तिखट रस्सा बोटाने चाटला आणि इंदूरच्या शेवेला ही चव नाही म्हणाली. चोपड्याला गेलात तर शेवभाजी खाच, आणि पाणी जवळ ठेवा.

मी दोन दिवस राहिले. त्यातला बराच वेळ त्या दोघी बोलत आणि मी ऐकत असे. निघताना आईला नमस्कार केला. ती म्हणाली, हळू चालव. आणि माझ्यासमोर नको येऊस आता रडायला, फोन कर.

रोज फोन केला. पुढे काही आठवड्यांनी एका सकाळी तिच्याऐवजी मावशीच्या मुलाचा आला. पाय गेले नव्हते, हे त्याने आपणहून सांगितलं. आदल्या दिवशीही मोरीपर्यंत चालत गेली होती.

मी तशीच निघाले. तोच रस्ता, तीच गाडी. मानपूरचा घाट कसा गेला आठवत नाही, नर्मदा कधी आली तेही नाही. शिरपूरच्या पुढे सगळे खड्डे होते तिथेच होते आणि मी एकही चुकवला नाही. दर खड्ड्यात गाडी धाडकन जायची, मला ते बरं वाटत होतं. त्या ब्रेकरवरही ब्रेक लावला नाही.

सगळं आटोपून इंदूरला परतले. आता रोजची ऑफिसला जाते-येते. बाजूची सीट अजून मागे केलेलीच आहे, पुढे घ्यायला हात धजत नाही. तुम्ही विचाराल हा प्रवास कसा करावा, तर सांगेन की करा. पैसे, सुट्टी, डॉक्टरांची भीती, सगळं सांभाळून करा. तिला जिथं जायचं होतं तिथं ती स्वतःच्या पायांनी आत गेली, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच आहे.

परवा गाडी डावीकडे ओढायला लागली म्हणून रईसभाईकडे नेली. त्याने चाक बघितलं, खाली वाकून रिमही बघितली, आणि म्हणाला, "दीदी, इतनी जल्दी अलाइनमेंट आउट? रिम भी मुड़ गई. आप तो बोल रही थीं, मम्मी को बहुत संभालके ले गई थीं."

मी म्हटलं, "मम्मी को संभालके ही ले गई थी, भाई."