पाचव्या पेटीचे आकडे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम तोंडावर हसत आले. आताही विश्वास नाहीच... पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आठवलं की भीती नाही वाटत, संताप येतो!

अठ्ठ्याण्णव साल. मी पेणची, कॉम्प्युटर मोडून-जोडून शिकलेली. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत पाच जुने कॉम्प्युटर नेटवर्कने जोडायचं काम मिळालं. टाकी फुटली तर गॅस कुठवर जाईल, हे गणित एकट्या मशीनला आठवडाभर पुरायचं. म्हणून पाच वाटे केले — आमच्या गणपतीच्या कारखान्यात नाही का, शंभर मूर्ती पाच जण वाटून घेतात, तसंच. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पेटीला नंबर दिला, आत नेटवर्कचं कार्ड बसवलं, पासवर्ड न विचारता एकमेकींकडून काम घ्यायची मुभा दिली. पहिली पेटी वाटे करणार, उत्तरं गोळा करणार. पाचवीच्या वाट्याला आलं कंपनीला लागून असलेल्या गावाच्या, वरशाच्या दिशेचं वारं.

माझ्या हाताखाली वनिता. ती वरशाचीच. खंडेनवमीला पेट्या बंद करून तिने प्रत्येकीच्या झाकणाच्या फटीवर कुंकवाचं बोट ओढलं.

"काकी, आपली हत्यारंच हाईत ही. आज हात नाय लावायचा."

दसरा झाल्यावर आलो, काम लावलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता पाचही वाटे जमा! पाचव्यात गॅस थेट वरशाच्या शाळेपर्यंत. वनिताने कागद कंपनीच्या साहेबापुढे ठेवला, तर तो तिच्यावरच उसळला.

"हिने घरी बसून लिहिलंय हे! पाचव्या पेटीत कार्डच नाही, उत्तर येईल कुठून?"

"साहेब," मी म्हटलं, "पेटी तर आम्ही उघडलीच नाही. कार्ड नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मेल्याने कागद उलटा घालून टेबलावर आपटला.

जाऊन पाहिलं तर कुंकवाची रेघ मधोमध तुटलेली. आत कार्डाची जागा रिकामी, वायर मागे लोंबकळतेय. वरशाचा वाटा बाहेर यायलाच नको होता त्याला!

"काकी गो..." वनिताने ती सुटी वायर उचलली. "मग आकडे धाडले कोणी?"

पहिल्या पेटीतली नोंद पाहिली — पाठवणारी: पाच. तोच वाटा दुसऱ्या पेटीवर पुन्हा चालवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. म्हणजे वनिता खोटी नव्हती.

तरी साहेबाने तिलाच कामावरून काढलं. रिपोर्टातून वरशाचं पानही काढलं. मग मी पाचवीचा आणि दुसरीचा, दोन्ही कागद घेतले आणि वरशाच्या देवळासमोर, भरल्या माणसांत, खणखणीत वाचले. माझंही काम गेलं. जाऊ दे.

नेटवर्क जाणणाऱ्या कितीजणांना विचारलं, कुणाला सांगता आलं नाही. ते आकडे कोणी पाठवले, मला आजही ठाऊक नाही.

कार्ड कोणी काढलं, ते मात्र ठाऊक आहे.