उद्या बोलावलंय

दवाखान्यात माझं नाव पुकारलं की मी लगेच उठत नाही. आधी थांबते, आजूबाजूला बघते, दुसरं कुणी उठतंय का ते. मग उठते. नवरा चिडवतो, "कान तपासून घे एकदा, विम्याचं कार्ड आहे ना आता चांगलं." मी हो म्हणते. कमी ऐकू येतं म्हणणं सोपं असतं.

मी लग्न होऊन रास अल खैमात आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या स्टोअरला होता. त्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, सिमेंटच्या कारखान्यात. दोन्ही भावांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं होतं. दोन खोल्या त्यांच्या, एक आमची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. खिडकीतून उघडे डोंगर दिसत आणि त्या डोंगरांचीच पूड रोज खिडकीवर येऊन बसे. वहिनींना, माझ्या जाऊबाईंना, तिथे येऊन सहा वर्षं झाली होती. त्यांची मुलगी आठ वर्षांची होती.

व्हिसासाठी माझी मेडिकल झाली. लग्नाआधी आमच्याकडच्यांनी पत्रिका पाहिली होती, त्यापेक्षा कितीतरी बारकाईने इथे माझी छाती पाहिली गेली. एक्स-रे, रक्त, मग पुन्हा एक रांग. त्यानंतर हेल्थ कार्ड हातात आलं. ते असल्याशिवाय व्हिसा लागत नसे, आणि व्हिसा असल्याशिवाय आपण तिथे नसतोच. आमची माणसं कार्डाला पताका म्हणत. अरबीतला बताका कुणाच्या तरी तोंडी पताका झाला आणि तसाच राहिला. मला आधी वाटलं, काहीतरी फडकवायचं असेल.

वहिनींनी माझं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. अरबी अक्षरं त्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून थोडीफार शिकल्या होत्या.

"तुझ्या नावातला प गेला बघ. यांच्यात प नाही, ब लिहितात. आणि आपल्या आडनावातला ळ पण खाल्ला. ल करून टाकलाय."

"मग चालेल ना हे?"

"अगं, माझ्याही कार्डावर तेच आहे. सहा वर्षं चाललंय." मग माझ्या हातात कार्ड देत म्हणाल्या, "मंगळसूत्र घरी विसरलीस तरी चालेल, पताका विसरू नकोस. तिच्याशिवाय दवाखान्याच्या दारात उभं करत नाहीत."

हे त्यांनी सांगितलं आणि मी धरून बसले. नव्या माणसाला जे पहिल्यांदा सांगितलं जातं, तोच कायदा होतो.

पुढच्याच वर्षी भाऊजींनी सिमेंट सोडून टाइल्सच्या कारखान्यात नोकरी धरली. जुना व्हिसा रद्द, नव्याची कागदपत्रं चालू. वहिनींचं कार्ड जुन्या व्हिसाबरोबर जमा झालं. नवीन कधी मिळणार विचारलं की कंपनीचा माणूस म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. भाऊजी घरी येऊन त्याची नक्कल करायचे. वहिनी हसायच्या आणि मुलीला म्हणायच्या, "तुझे बाबा आता भाजी आणायलाही बुकराच जाणार."

त्याच दिवसांत त्यांना दुखायला लागलं. कणीक मळता मळता थांबायच्या, पीठ लागलेला हात तसाच छातीवर दाबायच्या. "कळ आली गं." मग पुन्हा मळायला लागायच्या. ओवा खाऊन झाला, सोडा पिऊन झाला. मी म्हटलं, बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे जाऊ.

"पन्नास दिरहम घेतो तो. म्हणजे सव्वाचारशे रुपये. एक ढेकर यायला सव्वाचारशे?"

तेव्हा मीच म्हणाले, "माझी पताका आहे की. ती घेऊन जाऊ."

हे मी चांगल्या मनाने म्हणाले होते. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं तसं नाही. मला त्या घरात काहीतरी देता येत होतं ते पहिल्यांदाच. वहिनींनी फोटो चेहऱ्याशेजारी धरला. दोघींच्याही तेलकट वेण्या, दोघींनाही मोठं कुंकू. "इथल्यांना काय, आपण सगळ्या सारख्याच," त्या म्हणाल्या. पुरुषांना सांगायचं नाही असं ठरलं.

टॅक्सीत मी त्यांच्याकडून माझं नाव पाठ करून घेतलं, वयसुद्धा.

"म्हणजे मी आजपासून सत्तावीसची," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या भाऊजींना सांगू नकोस, मिशा रंगवायला घेतील."

ड्रायव्हर मल्याळी होता, त्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला. मी मात्र घाबरायला लागले होते. दवाखान्याचं फाटक दिसलं आणि म्हटलं, "वहिनी, आत जास्त बोलू नका. विचारतील तेवढंच सांगा. एका वाक्यात."

"बरं बाई."

बायकांच्या बाजूला गर्दी होती. दाराशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता. तो आमच्याकडे बघतही नव्हता, पण मी त्याच्याचकडे बघत राहिले. खिडकीत कार्ड दिलं आणि बाकावर बसलो. दुपारच्या नमाजाच्या आधी ओपीडी बंद व्हायची आणि ती वेळ जवळ येत होती. मग खिडकीतून नाव पुकारलं गेलं.

माझं नाव. आम्ही दोघी एकदमच उठलो.

वहिनी, कारण त्यांनी ते पाठ केलं होतं. आणि मी, कारण ते माझं होतं.

खिडकीतल्या बाई पाकिस्तानातल्या होत्या, उर्दू बोलायच्या. त्यांनी एकदा वहिनींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मरीज़ कौन है आप दोनों में?"

मी वहिनींना पुढे केलं. "ये. मैं बहन हूँ."

बाईंनी कार्ड उचललं, फोटो पाहिला, वहिनींकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. कदाचित त्या सगळ्यांचाच पाहत असतील. पण मला तो पोलीस दिसला, भाऊजींचा अडकलेला व्हिसा दिसला, नवऱ्याची नोकरी दिसली, पासपोर्टवर मारलेला शिक्का दिसला.

"क्या तकलीफ़ है, बाजी?"

वहिनी माझं ऐकणाऱ्या. एकाच वाक्यात म्हणाल्या, "कळ आती है."

त्यांचं हिंदी वाण्याच्या दुकानात शिकलेलं. मराठी शब्द हिंदी क्रियापदाला जोडला की झालं हिंदी, असं आम्हा सगळ्यांचंच चालायचं आणि भाजीपाल्यापुरतं चालूनही जायचं. एरवी त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवला असता. त्या दिवशी दोन्ही हातांनी पदर गळ्याशी आवळून धरला होता, चेहरा कमी दिसावा म्हणून. तेही मीच सांगितलं होतं.

"कल आती हैं?" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैलावला. "हाँ, कल ही आइए. डॉक्टर साहिबा उठ ही रही हैं." मग त्या थांबल्या. आणि त्यांनी मला विचारलं, वहिनींना नाही. "अर्जंट तो नहीं है ना?"

मला नीट समजलं होतं काय झालंय ते. त्या एका अक्षराचा फरक मला समजला होता, आणि तो दुरुस्त करायला 'दर्द' हा एवढासा शब्द पुरला असता. मला तो येत होता. पण तो म्हटला असता तर त्यांना आत घेतलं असतं, रक्त काढलं असतं, रक्तगट कार्डाशी जुळवला असता. कार्ड माझ्यासमोर खिडकीच्या फळीवर पडलं होतं आणि मला ते परत हवं होतं.

"नहीं, नहीं," मी म्हणाले. "कल आएँगे."

बाईंनी कार्ड परत दिलं. आम्ही बाहेर आलो.

"काय म्हणाली गं ती?"

"उद्या बोलावलंय."

"तपासणार नाहीत आज?"

"उद्या तपासतील."

"बरं." पायऱ्या उतरताना त्या कठड्याला धरून थांबल्या. मग म्हणाल्या, "बघ, पताका दाखवली तरी बुकराच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं, पिवळी साडी नेसल्या. "आज लवकर जाऊ, म्हणजे नंबर लागेल." मी स्वयंपाकघरात गॅस बंद करत होते. त्या चपला घालायला दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. एका पायात चप्पल गेली होती.

शेजारच्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तोच दवाखाना, पण दुसरं दार. मी स्ट्रेचरमागे धावत होते आणि माझ्या हातात माझं कार्ड होतं, पुढे धरलेलं. आतल्या माणसाने माझा हात बाजूला सारला. "खल्ली, खल्ली." राहू दे ते. नंतर एका नर्सने समजावलं, इमर्जन्सीत कार्ड कुणी मागत नाही, आधी माणूस बघतात. आदल्या दिवशीही मागितलं नसतं. दार फक्त दुसरं होतं, इमारतीला वळसा घालून. तोवर वहिनी गेल्या होत्या.

माझ्या नवऱ्याने आणि भाऊजींनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, काल दवाखान्यात नेलं होतं, त्यांनी उद्या बोलावलं. एवढंच. माझं कार्ड वापरल्याचंही सांगितलं; त्यावर कुणी रागावलं नाही, उलट मी किती केलं म्हणाले. भाऊजी त्या खिडकीतल्या बाईला शिव्या देत राहिले. "माणूस दारात आला तरी बुकरा. माजोरडी मेली." पुढे नऊ-दहा वर्षं, वहिनींचा विषय निघाला की ती बाई यायचीच. मी वाढत असायचे. पोळी हवी का, विचारायचे.

ती बाई मला पुन्हा भेटली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला दिवस गेले होते, तपासणीला गेले होते. तीच खिडकी. तिने कार्डावरचं नाव वाचण्याआधी माझा चेहरा ओळखला.

"आपकी बहन दूसरे दिन आईं नहीं? मैंने पर्चा अलग रखवाया था."

"इंडिया गईं," मी म्हणाले.

"अच्छा हुआ. अपने लोगों में आराम रहता है."

खोटं नव्हतं. वहिनी इंडियालाच गेल्या होत्या, विमानाच्या पोटातून. मग नाव पुकारलं गेलं, आणि मला स्पष्ट दिसलं, बाकावरून आधी पिवळी साडी उठली. मी बसूनच राहिले. खिडकीतल्या बाईला परत पुकारावं लागलं.

वहिनींची मुलगी माझ्याकडेच वाढली. माझ्या मुलाबरोबर, त्याच ताटात. पुढे आम्ही शारजाला, अल नहदात आलो. भाऊजी रास अल खैमातच राहिले, दर शुक्रवारी जेवायला यायचे. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा व्हिसासाठी तिचीही मेडिकल आली, तिचं स्वतःचं कार्ड. मीच घेऊन गेले. शाळेतून निघालेली ही मुलं आपल्याशी इंग्रजीतच बोलतात. बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "काकू, फॅमिली हिस्टरी आस्क करतील का? वॉज आईज हार्ट ऑल्वेज वीक?"

मला नुसतं 'नाही' म्हणता आलं असतं. पण समोर खिडकी होती, हातात सवयीने माझं कार्ड होतं आणि ती माझ्याकडे अगदी तिच्या आईसारखी, विश्वासाने बघत होती.

"आदल्या दिवशी तिला कळ येत होती."

"कल? लाइक, टुमॉरो?"

मी तिला शब्द समजावला. मग बाकीचंही सांगितलं, टॅक्सीपासून स्टुलापर्यंत. तिचं नाव पुकारलं, ती उठून आत गेली, दंडावर कापूस धरून परत आली. आम्ही गाडीत बसलो. मग म्हणाली, "से इट अगेन. तो वर्ड."

"कळ."

"कल."

"जीभ मागे घे. कळ."

सिग्नलवर आम्ही थांबलो होतो. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, जमेपर्यंत. जमल्यावर तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "बाबांना तुम्ही सांगा. आय वोन्ट." लहानपणापासून ती मला तू म्हणायची.

पुढच्या शुक्रवारी मी सांगितलं. आधी नवऱ्याला, सकाळी. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग भाऊजींना, जेवण झाल्यावर. त्या बाईची चूक नव्हती, इथून सुरुवात केली. ते खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "टॅक्सीत काय म्हणाली ती?"

"आजपासून मी सत्तावीसची, म्हणाल्या. भाऊजींना सांगू नकोस, मिशा रंगवायला घेतील."

त्यांचा हात मिशीकडे गेला. पांढरी झाली होती ती. मग उठले, हात धुतले, चपला घातल्या.

त्यानंतर ते वर आलेले नाहीत. शुक्रवारी येतात, खाली गाडीत बसून मुलीला फोन करतात. मी डबा भरून तिच्याकडे देते. रिकामा डबा कधी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला त्या घरात वहिनींनीच शिकवलं होतं आणि भाऊजींनाही ते माहीत आहे. डबा घासून, पुसून, रिकामा परत येतो. मी झाकण उघडून बघते, दर वेळी.