भिंतीच्या पायथ्याची बाग

धरणावरच्या त्या माणसाचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कुणालाच आठवत नव्हतं, आणि बायको काही ते घेत नव्हती. सगळे त्याला झिरपेमामा म्हणत. एका नव्या कारकुनाने तर ते आडनावच समजून तशी पाटी रंगवून आणली, आणि मामांनी ती मोठ्या हौसेने दारावर ठोकली.

धरण मातीचं होतं. सिमेंटचा तोरा नाही, दगडी थाट नाही; दाबून दाबून बसवलेल्या मातीची एक लांबलचक पाठ, आणि तिच्यापलीकडे तळं. अशा भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. मामा बघायला येणाऱ्यांना सांगत, "तुम्हाला घाम येतो ना? तसा तिलाही येतो. फक्त घामाबरोबर माणूस वाहून जायला नको!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसत. पायथ्याशी एक चारी होती. पाझर तिच्यात गोळा होई आणि टोकाच्या लोखंडी पट्टीतल्या खाचेतून खाली पडे. ते पाणी किती पडतं आणि निवळ पडतं का, हे मामा रोज सकाळी बघत. निवळ असेल तर पाणी एकटंच बाहेर येतंय. गढूळ असेल तर ते आतली माती चोरून आणतंय, म्हणजे भिंत पोटातून पोकळ होतेय.

मामी या भिंतीला सवत म्हणत. "जा, तिची तब्येत बघून या, मग चहा मिळेल," असा त्यांचा रोजचा निरोप. मामी भरवस्तीत वाढलेल्या. दाराला दार, खिडकीला खिडकी, दिवसभर गप्पा. लग्न होऊन आल्या त्या थेट या एकाकी क्वार्टरमध्ये. पहिलं वर्ष त्यांनी भांड्यांशी बोलून काढलं. मग पायथ्याच्या ओलसर पट्ट्यात त्यांनी गुलाब लावले, आणि प्रत्येक झाडाला माहेरच्या शेजारणीचं नाव दिलं: शिंपीण, मास्तरीण, डॉक्टरीण, आणि काट्यांनी भरलेली ती घरमालकीण. सकाळच्या कामानंतर मामी तिथे जाऊन बसत, आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, तिथे चांगल्या पाचसहा बायका जमल्यात.

मामांनी त्या बागेला मनापासून परवानगी दिली होती, पण अट घालून. "मोठं झाड नाही लावायचं. मुळं आत शिरली की पाण्याला आयती वाट मिळते. आणि या पट्ट्यात कधी नवीन ओल दिसली, तर सगळं उकरावं लागेल. तेव्हा रडायचं नाही." मामी तेव्हा हसून हो म्हणाल्या होत्या. तेव्हा गुलाबांच्या नुसत्या काड्या होत्या.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. एका सकाळी मामा खाचेजवळ गेले आणि जागच्या जागी थांबले. पाणी कमी झालं होतं. दुसरं कुणी असतं तर आनंदलं असतं. मामांनी मात्र मनात हिशेब मांडला. तळं भरलेलं, मग रोजचं पाणी गेलं कुठे?

ते पायथ्याने वाकून चालत निघाले. बागेच्या थोडं पुढे, कालपर्यंत कोरड्या असलेल्या जागी, मुंग्यांच्या वारुळाएवढं वाळूचं कडं दिसलं. त्याच्या मधोमध पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. दुधात माती कालवावी तशा रंगाचं.

मामा मागे वळले. बागेत, मास्तरणीच्या बुंध्याशी, चिकणमातीचा ताजा थर थापलेला होता. त्यावर दगड, दगडांवर उपडी घातलेली घरातली जुनी परात, आणि कडेला मामींच्या चपलेचा ठसा.

त्यांनी आधी फोन केला. धरणाच्या इंजिनीअरताई तासाभरात आल्या. वयाने मामांच्या लेकीएवढ्या, पण पाणी बघताच त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. तळ्याची पातळी उतरवायला दरवाजा उघडायला सांगितला, उकळत्या जागेभोवती वाळूच्या गोण्यांचं कडं रचून घेतलं, वाळू-खडीचे ट्रक मागवले. मग परातीकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"मामा, हा पट्टा सगळा उकरून घ्यावा लागेल."

"माहीत आहे."

"मामींना मी सांगू?"

"नको ताई. ते माझं काम."

मामी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. मानेवरूनच दिसत होतं.

"परवापासून येत होतं," त्या भांडं घासत म्हणाल्या. "मास्तरीण कुजायला लागली होती. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही बाग उकरली असती. म्हणून बुजवलं. उंदराचं बीळ बुजवतात तसं. मला वाटलं, पाणी थांबेल."

"पाणी नाही गं थांबत. दार लावलं की ते दुसरं दार फोडतं. त्याला जाऊ द्यायचं, फक्त माती नेऊ द्यायची नाही. म्हणून तर आधी वाळू घालायची, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड. गाळणीच ती."

"आणि खाली गावात..."

"काही झालेलं नाही. वेळेत दिसलं."

मामींनी भांडं ठेवलं. हात पुसले. मग पदर खोचून म्हणाल्या, "बादल्या काढा. आणि मास्तरणीला आधी उचला, तिला दम लागतो."

मग जो प्रवेश रंगला, तो बघायला प्रेक्षक हवे होते! दोन ट्रक वाळूचे, घामाघूम मजूर, आणि त्यांच्यामधून मामी बादल्या मिरवत फिरताहेत. "अहो, हळू! डॉक्टरीणबाईंना असं मानेला धरतात का?" मजुरांनाही ती नावं पाठ झाली. एकजण घरमालकिणीचा काटा लागून ओरडला, तर दुसरा म्हणाला, "भाडं थकलं असेल तुझं!" इंजिनीअरताईंनीही टोपी काढून शिंपिणीची बादली स्वतः उचलली.

वाळू पसरली, तिच्यावर खडी, वर दगड. बागेची जागा करडी, उघडी होऊन गेली. दगडांमधून येणारं पाणी दुपारपर्यंत गढूळच होतं. मामा उठून बघत, बसत, पुन्हा उठत. दुसऱ्या दिवशी ते निवळलं. तळाचा खडान् खडा दिसू लागला, तेव्हा ताईंनी मोठा श्वास सोडला आणि मामींच्या हातचा चहा तीन घोटांत संपवून त्या गेल्या.

ओसरीवर बादल्यांची रांग होती. मामी त्यांच्याशेजारी बसल्या होत्या.

"तुम्ही मला ओरडला का नाहीत?"

"काय ओरडायचं?"

"ओरडायला हवं होतं. मी रुसले असते, तुम्ही मनधरणी केली असती, दोन दिवस बरे गेले असते. आता नुसतं मनाला लागून राहिलंय."

मामा त्यांच्याजवळ बसले. म्हणाले, "तुझी माणसं जात होती. तू दार लावलंस. मी कुठल्या तोंडाने ओरडू? तुला इथे आणलं मीच ना."

मामींनी डोळे पुसले आणि एकदम उठल्या. चारीपलीकडे, भिंतीपासून लांब, घराच्या मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे जाऊन त्यांनी पायाने माती दाबून बघितली.

"इथे ऊन कधी येतं हो?"

मामा गडबडले. "कोण जाणे."

"अगबाई! सवतीच्या अंगावरचा घामाचा थेंबन् थेंब ठाऊक, आणि स्वतःच्या घरामागे ऊन कधी येतं ते ठाऊक नाही?"

"मी खाली बघत चालतो गं."

"मग आता उभे राहा इथे. ऊन अंगावरून गेलं की हाक मारा."

मामा निमूटपणे तिथे उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे. मामी त्यांना चहा तिथेच आणून देऊन गेल्या. ऊन त्यांच्या खांद्यावर होतं, मग पाठीवर. मामा हाक मारायला तोंड उघडत, आणि थोडं थांबून बघू म्हणत पुन्हा मिटत.