गिरणीकाकांची बिननावाची माणसं

गिरणीकाका गोष्ट सांगताना डोळे मिटून घ्यायचे. मस्कतमध्ये वादी कबीरला त्यांचा फ्लॅट होता. शुक्रवारच्या दुपारी पडदे ओढलेले, एसी घरघरतोय, बाहेर डोंगर तापून तपकिरी झालेले, आणि काका मिटल्या डोळ्यांनी इंग्लंडातल्या एका टेकडीवर चढतायत. "धुकं आहे. पायाखालचं गवत ओलं आहे, जपून. वर पवनचक्की. आत जातं फिरतंय, ऐक." आम्ही चार-पाच पोरं सतरंजीवर बसून ऐकायचो, आणि खरंच ऐकू यायचं. ते जातं नसून काकूंचा मिक्सर आहे, हे कळायला मला एक वर्ष लागलं. काकांनी इंग्लंड कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

माझी रवानगी त्यांच्याकडे अब्बांनी केली. शेजारच्या हमरिया भागात अब्बांचं किराणा दुकान होतं. काका अल् खुवैरच्या एका कंपनीत इंजिनियर होते आणि दर आठवड्याला सामान न्यायला यायचे. एकदा बाजरीच्या पिठाची पिशवी बांधता बांधता अब्बा म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीचं जरा बघा ना. बाकी सगळं ठीक, मॅथ्समध्ये एकदम खलास." काका म्हणाले, "शुक्रवारी पाठवा. इन्शाल्ला, जगेल." तेव्हापासून जुम्म्याची नमाज झाली की अब्बा मला तिथे सोडायचे. घरी रत्नागिरीकडची बोली, शाळेत इंग्रजी, जिन्यात हिंदी, अशी माझ्या भाषेची खिचडी होती. आज मी जे मराठी लिहिते ते त्या शुक्रवारांचं आहे.

काकांची गणितातली माणसं सगळी इंग्रज, आणि सगळी बिननावाची. नाव त्यांनी कधी घेतलं नाही. एक सफरचंदवाला होता, तो जगाला माहीत आहे. एक लिंकन गावच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता. कॉलेजात एक दिवसही न शिकता त्यानं माणसाचा विचार शून्य आणि एकमध्ये बसवून दाखवला, आणि आजचे सारे कॉम्प्युटर त्याच्या जिवावर चालतात. पण काकांचा खरा लाडका म्हणजे नॉटिंगहॅमचा गिरणीवाला. शाळा जेमतेम वर्षभर, दिवसभर दळण, आणि फुरसत मिळाली की चक्कीच्या वरच्या मजल्यावर गणित. विजेचं आणि चुंबकाचं गणित त्यानं तिथे मांडलं. वर्गणी गोळा करून पुस्तक छापलं, तर ज्यांनी वर्गणी दिली त्यांतल्या बहुतेकांना त्यातली एक ओळ कळली नसणार. त्याची थोरवी जगाला कळली तेव्हा तो मातीआड झाला होता. हे सांगताना काकांचा आवाज खाली यायचा. आमच्यातल्या एका वात्रट मुलीनं त्यांना गिरणीकाका हे नाव ठेवलं, आणि काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं.

ऑफिसातल्या रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर त्यांनी एक नदी काढून भिंतीभर दारापर्यंत लावली होती. गणिताची नदी. उगम बाबिलोनकडे, मग ग्रीकांचं पाणी, आपल्याकडचं शून्य, बगदादचं बीजगणित. इंग्रज कुठे, म्हणून आम्ही शोधत शोधत पार दाराजवळ जायचो. "उशिरा आले," काका म्हणायचे. "पण आले ते पूर घेऊन." मग हळूच पुस्ती जोडायचे, "आणि लगेच अडलेसुद्धा."

ते अडणं त्यांना फार आवडायचं. सफरचंदवाल्यानं नवं गणित शोधलं आणि ते लिहायला अक्षरांच्या डोक्यावर ठिपके दिले. समुद्रापलीकडे एका जर्मन माणसानं तेच गणित जास्त सोप्या खुणांनी लिहिलं. झालं, भांडण जुंपलं. आमच्या माणसाचे ठिपके सोडणार नाही, म्हणून इंग्रज हट्टाला पेटले. युरोप पुढे निघून गेला आणि हे शंभर वर्षं ठिपके देत बसले. "भक्ती, दुसरं काय!" काका म्हणायचे. "गुरूवर जीव लावावा, पण त्याचे ठिपके कुरवाळत बसू नये." मोठमोठ्या विद्यापीठांना हे नुकतं कुठे उमगत होतं, तेव्हा त्यांच्या गिरणीवाल्यानं गावात बसल्या बसल्या त्या परक्या खुणा आपल्याशा केल्या होत्या. त्याला कोणी शिकवल्या, ते कोणालाच नीट ठाऊक नाही. त्या न कळण्यातच काका कितीतरी वेळ हरवून जायचे आणि आमचं त्रैराशिक तसंच राहायचं.

आठवीत मी शाळेच्या क्विझला उभी राहिले. शून्य आणि एकचं तर्कशास्त्र कोणी दिलं, असा प्रश्न आला. मला उत्तर इतकं पक्कं माहीत होतं की मी माईक ओढूनच घेतला आणि इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "शूमेकरचा मुलगा!" सगळा हॉल हसला. बाईंनी नाव विचारलं. नाव मला येत नव्हतं. आम्ही हरलो. पुढच्या शुक्रवारी मी रडत काकांवर तुटून पडले, "तुम्ही नाव का नाही सांगत? तुमच्यामुळे सगळे हसले!"

त्या दिवशी काकांचे डोळे उघडे होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "आमच्या गावात पिठाची एकच गिरणी. आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी. मी आधी येऊन बसलो तरी गिरणीवाला आडनाव घेऊन म्हणायचा, थांब तिकडे. मग काय करणार? फळीवर सांडलेल्या पिठात बोटानं गणितं करायचो. शाळेतही तेच. मार्क नंतर बघायचे, आडनाव आधी. म्हणून मी ठरवलं, आपण आधी माणूस दाखवायचा. त्याची ओळख झाली, की मग नाव." पुढे म्हणाले, "पण तुझं चुकलं नाही. माझं चुकलं. तुझ्या हातात नाव द्यायला हवं होतं." आणि समोर बसवून त्यांनी मला जोडे शिवणाऱ्याच्या मुलाचं नाव सांगितलं. गिरणीवाल्याचं मात्र सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला फार लाज वाटली होती, माझ्या ओरडण्याची की त्यांना सोसावं लागलं त्याची, हे अजून सांगता येत नाही.

त्यांची एकच इच्छा होती, त्या चक्कीच्या वरच्या मजल्यावर एकदा उभं राहायचं. चक्की दुरुस्त केली आहे, पाती पुन्हा फिरतात, पीठही मिळतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. एका वर्षी कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. काकूंनी स्वेटर काढून गॅलरीत उन्हाला टाकले. तेवढ्यात काकांची जागा स्थानिक माणसाला द्यायची असं ठरलं. तो तरुण ओमानी काकांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यांना उस्ताद म्हणणारा. ट्रेनिंगला तो गेला. काका म्हणाले, "आता त्याच्या दळणाची पाळी आलीय. त्याचा देश आहे." स्वेटर काकूंनी घडी घालून ठेवले. महिन्याभरात ते दोघं पुण्याला निघाले. विमानतळावर काकांनी ती नदी गुंडाळी करून मला दिली. मी मोठी झाले होते, तरी लहान मुलीसारखी रडले.

पुढे मी गणितच शिकले आणि त्यासाठी इंग्लंडला गेले. पहिल्या सुट्टीत नॉटिंगहॅम गाठलं. धुकं नव्हतं, चक्क ऊन होतं. लाकडी जिने चढून वरच्या मजल्यावर उभी राहिले आणि काकांच्या सवयीनं डोळे मिटले. तेव्हा एसीची घरघर ऐकू आली. खाली येऊन पिठाची एक पिशवी घेतली.

पुण्यात काकांना तोवर फारसं दिसत नव्हतं. त्यांनी पिशवी नाकाशी धरली. काकूंकडे पोळपाट मागितला, मूठभर पीठ त्यावर पसरलं आणि बोटानं चाचपडत गिरणीवाल्याचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. "आता तू त्याच्या घरी जाऊन आलीस," म्हणाले. "आता ओळख झाली." काकूंनी ते पीठ नावासकट परातीत ओढलं आणि मळायला घेतलं. पहिली पोळी काकांच्या ताटात पडली. ती त्यांनी हातात धरली. मग म्हणाले, "दळण इतक्या लवकर कधी मिळालं नव्हतं ग."

त्याच वर्षी काका गेले. मी आता मुलांना गणित शिकवते, आणि ती नदी माझ्या वर्गातल्या भिंतीवर आहे. तिच्यात दाराजवळ मी एक बारीक धार वाढवली आहे. ही कोणाची, असं मुलं विचारतात. या गोष्टीतही मी काकांचं नाव कुठे लिहिलेलं नाही. विचारलंत तर सांगेन, आडनावासकट सांगेन. पण आधी त्या पिठाच्या फळीपाशी थोडा वेळ थांबा.